तुटक्या जाळीची कड

मार्था साळवे, राहणार नगर, यांच्यावर अन्याय झाला मार्च २००६ मध्ये. त्या महिन्यात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लेस विणणाऱ्या बायकांच्या एका मंडळाने नमुन्यांची पुस्तिका छापली. तिच्यात एका पानावर आमच्या शेजारच्या मार्थामावशींनी स्वतः काढलेली लेसची कड आहे. खाली दोन शब्द: ‘भारत, पारंपरिक’. बस. बाकी प्रत्येक पानावर काढणारीचं नाव आहे, गाव आहे. मावशींच्या पानावर देशाचं नाव आहे, बाईचं नाही. पारंपरिक म्हणजे काय? म्हणजे कुणी काढलंच नाही. पावसाळ्यात गवत येतं तसं आपोआप आलं.

मावशींनी जन्मभर दुसऱ्यांचे नमुने विणले. लहानपणी मिशनच्या शाळेत त्या ही लेस शिकल्या. घट्ट भरलेल्या उशीवर भोकं पाडलेला जाड कागद लावायचा, भोकांत टाचण्या खोचायच्या आणि लाकडी कांड्यांवर गुंडाळलेले धागे त्या टाचण्यांभोवती फिरवत जायचं. कागदावर जे असेल तेच विणायचं. स्वतःच्या डोक्यातून कागद काढला तो एकदाच, या कडेचा. आता काचबिंदूने नजर गेल्यात जमा आहे. दुसरा कागद त्या काढणार नाहीत.

माझी मावसबहीण अनघाताई न्यू जर्सीत एडिसनला असते. तिला एका जत्रेत ती पुस्तिका मिळाली आणि भारताचं पान म्हणून तिने ते कौतुकाने मला ईमेलने पाठवलं. मी प्रिंट काढून मावशींकडे गेले. त्यांनी कागद डोळ्यांना लागेल इतका जवळ घेतला.

“माझीच आहे,” म्हणाल्या. “पण जड दिसतेय.”

“जड म्हणजे?”

“काय की बाई. काहीतरी जास्तीचं आहे. आता मला नीट दिसत नाही.” आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

त्या शांत राहिल्या, मी राहिले नाही. मी पत्रकं लिहिते. कॉलेजपासून तेच करत आलेय. त्याच संध्याकाळी पत्रक लिहून झालं. ते वाटायचं कुठे, एवढाच प्रश्न होता. पुढच्या मे महिन्यात अनघाताईने ‘ये यार एकदा’ म्हणून तिकीट पाठवलं, तेव्हा तोही सुटला.

एडिसन

अनघाताईकडे तिच्या सासूबाई, कुसुमकाकू, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि चौथ्या महिन्यातच कंटाळल्या होत्या. गाडी चालवता येत नाही म्हणून कुठे जाता येत नाही. ओक ट्री रोडवर आठवड्यातून एकदा भाजीला जायचं, तोच सोहळा. त्या रस्त्यावर मेथीची जुडी आहे, चांदीचे पैंजण आहेत, साड्यांची दुकानं आहेत. काकूंना तिथेही करमत नव्हतं. म्हणाल्या, “एवढं विमानात बसून यायचं आणि नागपूरच्या बर्डीपेक्षा लहान बाजार बघायचा.”

माझ्या बॅगेतून पत्रकांचा गठ्ठा निघाला. इंग्रजीत भाषांतर मीच केलं होतं. वर मोठ्या अक्षरांत, ‘चोरी! चोरी! चोरी!’

काकूंनी एक उचललं, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. “काहून गं, फिरायला आलीस का भांडायला?”

“भांडायला.”

“मग मीही येते. घरात बसून बसून पाय धरलेत.”

अनघाताई वैतागली. “अगं असं डायरेक्ट जाऊन लीफलेट वाटत नाहीत इकडे. मी त्यांना ईमेल करते, अपॉइंटमेंट घेऊ. आणि प्लीज, ‘चोरी’ वगैरे कॅन्सल कर.”

कॅन्सल केलं नाही. ईमेल मात्र तिने केला, आणि दोन ओळींत उत्तर आलं: शनिवारी आमची बैठक आहे, जरूर या, जेवायला थांबा. चोर जेवायला थांबा म्हणत नाहीत, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

चर्चच्या तळघरात

एडिसनपासून पश्चिमेला तास-दीड तास गेलं की घरांची दाटी संपते. हिरवी टेकाडं, लाल रंगाची गोठ्यांची घरं, आणि माणूस एकही नाही. काकू खिडकीतून बघत विचारत राहिल्या, “शेतं आहेत तर माणसं कुठायत?” अनघाताईने सांगितलं, ट्रॅक्टर. काकूंना पटलं नाही.

मंडळाची बैठक चर्चच्या तळघरात. आपल्याकडे महिला मंडळ म्हटलं की आधी खुर्च्यांचा वाद, मग अध्यक्षीण येईपर्यंत वाट. इथे वीसेक बायका, बहुतेक साठीच्या पुढच्या, प्रत्येकीच्या मांडीवर उशी. कांड्या एकमेकींवर वाजत होत्या. सबंध खोलीत तो एकच आवाज, कौलांवर बारीक गारा पडाव्यात तसा. मला नगरला मावशींच्या ओट्यावर बसल्यासारखं झालं, आणि मला तसं व्हायला नको होतं. मी रागावलेली होते.

मी पत्रकं वाटली. सगळ्यांनी ‘थँक यू’ म्हणून घेतली. आवाज थांबला. त्या वाचत होत्या. खोलीच्या टोकाला एक उंच, वाळक्या अंगाची, पांढऱ्या केसांची बाई उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

“ते पान माझं आहे,” ती म्हणाली. “मी डोरोथी. ती चोरी करणारी मीच.”

मी तयारी करून आले होते ती नाकबूल करणाऱ्यांसाठी. कबूल करणाऱ्यांसाठी माझ्याकडे पत्रक नव्हतं.

डोरोथी एका चर्चच्या विक्रीत कशी ती कड घेऊन आली, भिंगाखाली धरून टाके कसे मोजले, कागद कसा बनवला, हे तिने सांगितलं. मग तिने एक चपटी पेटी उघडली. पातळ कागदात मावशींची कड होती. नगरहून निघालेली, पेनसिल्व्हेनियात पोचलेली, अजून पांढरी. आणि तिला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. ‘पारंपरिक भारतीय हस्तकला’. खाली आमच्याच गावातल्या, मावशींकडून लेस घेऊन विकणाऱ्या संस्थेचा शिक्का.

मी ती चिठ्ठी उलटून बघितली. मागची बाजू कोरी.

“मी या चिठ्ठीवरूनच छापलं,” डोरोथी म्हणाली. “नाव असतं तर घातलं असतं. आम्ही नेहमी घालतो. बघ.”

आणि तिने मला दाखवलं. त्या बायकांची एक रीत आहे. नमुन्याच्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दोन नावं लिहायची, नमुना काढला कुणी आणि भोकं टोचली कुणी. कागद हातोहात जातो, विणणारी बदलते, पण कोपऱ्यातली नावं खोडत नाहीत. एकीच्या कागदावर तिच्या आजीचं नाव होतं. एकीच्या कागदावर शेजारणीचं, जिच्याशी ती आता बोलत नाही.

“भांडण झालंय, पण नमुना तिचाच आहे,” ती म्हणाली.

मी चळवळीतली मुलगी. आमच्या पत्रकांखाली आम्ही ‘समस्त’ लिहितो. ही साधी गोष्ट आम्हाला का सुचली नाही?

“चोर तर आपल्या घरचे निघाले नं,” काकू मराठीत म्हणाल्या. डोरोथीने विचारलं, काय म्हणाल्या? अनघाताईने जेवायला चला असं सांगितलं.

जेवण म्हणजे प्रत्येकीने एकेक पदार्थ आणलेला. थरथरत्या हिरव्या जेलीत किसलेलं गाजर होतं आणि तिला त्या सॅलड म्हणत होत्या. काकूंनी बटाटेवडे नेले होते, ते आधी संपले. “डोरोथीबाई, चटणी घ्या,” असं काकू शुद्ध मराठीत म्हणायच्या आणि डोरोथीबाई घ्यायच्या.

मग मुद्द्याचं निघालं. पुस्तिकेच्या प्रती संपल्या होत्या. जूनमध्ये ती पुन्हा छापायला जाणार होती. मंडळाचा नियम असा: नमुना नवा असेल तरच नाव. जुन्या छापील पुस्तकांतला असेल तर ‘पारंपरिक’. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी युरोपात लेसच्या नमुन्यांची पुस्तकं छापली जायची. मिशनच्या शाळांत शिकवलेले पुष्कळ नमुने फिरत फिरत तिथूनच आलेले आहेत. मावशींची कड त्यात निघाली तर नाव लागणार नाही.

“मग ती पुस्तकं बघू,” मी म्हटलं. “कुठे कुलपात असतील तर कुणाकडे अर्ज करायचा?”

डोरोथी म्हणाली, “अर्ज कशाला? मंगळवारी जाऊ.”

फिलाडेल्फिया

खरंच मंगळवारी गेलो. फिलाडेल्फियातलं एक मोठं ग्रंथालय. माझ्याकडे ना प्राध्यापकाचं पत्र, ना वशिला. पासपोर्ट दाखवला, पत्रकांची पिशवी कपाटात ठेवायला लावली, पेन काढून घेऊन पेन्सिल दिली, हात धुवायला सांगितले. आणि साडेचारशे वर्षांपूर्वीचं पुस्तक माझ्यासमोर फोमच्या उतरत्या पाटावर आणून ठेवलं. मी नगरची कोण कुठली. आपल्याकडे गेल्या पन्नास वर्षांतलं गॅझेटियर मागितलं तर कारकून ‘कशाला हवंय’ विचारतो. इथे कुणीही विचारलं नाही. मला अमेरिकेचं खूप काही पटत नाही, त्यावर माझी पत्रकं आहेत. पण त्या खोलीबद्दल मी वाईट शब्द लिहिणार नाही.

पुस्तक समोर आलं आणि कुसुमकाकूंनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. हात जोडून कपाळ टेकवायला वाकल्या. कपाळावर त्यांचं ते ठसठशीत, पुडीतलं कुंकू. ग्रंथपाल, आखूड केसांची तरुण मुलगी, काय होतंय ते कळायच्या आत तिने पुस्तकावर आपला तळवा आडवा धरला. काकूंचं कपाळ तळव्यावर टेकलं. तळव्यावर लाल ठसा.

“सॉरी, सॉरी,” मी म्हटलं. “आमच्याकडे पुस्तकाला नमस्कार करतात.”

ती मुलगी तळव्याकडे बघत म्हणाली, “इथे लोक पुस्तकाला बघून शिंकतात. हे बरं आहे.” आणि हात धुवायला गेली.

पानं मी लिहून सांगू शकत नाही. काळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा, लाकडी ठशांनी छापलेल्या. पानंच्या पानं नुसत्या कडा, जाळ्या, चौकटी. आपल्या रांगोळीच्या पुस्तकासारखं, ते आपल्याकडे दिवाळीत फुटपाथवर मिळतं तसं. आणि एका पानावर छापलेल्या रेघांवरून बारीक बारीक भोकं.

“वाळवी?” मी विचारलं.

“सुई,” ग्रंथपाल म्हणाली. विणणारी बाई पान दुसऱ्या कागदावर ठेवायची, रेघांवरून सुईने टोचत जायची, मग भोकांतून कोळशाची पूड थोपटायची. खाली नमुना उतरायचा.

“अगं, ठिपक्यांचा कागद,” काकू म्हणाल्या. “आम्ही वर्तमानपत्राला उदबत्तीने भोकं पाडतो आणि वरून रांगोळी पसरतो. सांग तिला.” मी सांगितलं. ग्रंथपालने ते पेन्सिलने लिहून घेतलं.

तिने सांगितलं, ही पुस्तकं फार थोडी उरली आहेत, कारण बायकांनी ती वापरून संपवली. टोचली, कापली, पानं सुटी करून वाटली. कपाटात नीट राहिली ती न वापरलेली. हे भोकांचं पान कुणीतरी फाटकं म्हणून टाकून दिलं असतं. या लोकांनी ते जिवापाड जपलंय. मला त्या भोकांवरून बोट फिरवावंसं वाटलं. फिरवलं नाही. कोण होती ती? पुस्तकाच्या सुरुवातीला छापणाऱ्याचं नाव आहे. ज्या उमरावाच्या बायकोला पुस्तक अर्पण केलंय तिचं नाव तर भलं मोठं आहे. नमुने छापणारे एकमेकांच्या पुस्तकांतून बिनदिक्कत उचलायचे. काढणारी आणि टोचणारी कुठेच नाही. मग ग्रंथपालने स्वित्झर्लंडमधल्या एका पुस्तकाची हुबेहूब प्रत दाखवली. ते एका लेस शिकवणाऱ्या बाईने स्वतः लिहिलंय. तिचंही नाव नाही. दोन अक्षरं फक्त.

म्हणजे हा धंदा मावशींपासून सुरू झालेला नाही.

दुपारी डोरोथीने एक पान उलटलं आणि थांबली. तिरप्या चौकटींची जाळी, वर छोट्या कमानी. तिने पुस्तिकेतलं आपलं पान शेजारी ठेवलं. तेच. कमानी थोड्या वेगळ्या, पण जाळी तीच.

मावशी खोटं बोलणार नाहीत. पण शाळेत बघितलेला नमुना डोक्यात राहिला असेल आणि म्हातारपणी आपला वाटला असेल. असं होतं. डोरोथी मावशींची खरी कड पेटीतून काढून पाटाशेजारी मांडत होती.

“एक मिनिट,” ती म्हणाली. “हिच्यात चूक होती. ती मी दुरुस्त केली होती.”

“कसली चूक?”

तिने पेन्सिलचं मागचं टोक धरलं. मावशींच्या कडेत जाळीचा प्रत्येक तुकडा संपताना खालच्या कोपऱ्यातली एक रेघ नाही. दोन चौकटींची मिळून एक मोठी, वेडीवाकडी फट. “मला वाटलं, तिच्या कागदाला तिथे भोक पाडायचं राहिलं. म्हणून छापताना मी ती रेघ भरून घेतली.” तिने पुन्हा बघितलं. “पण चूक असती तर धागा सैल पडला असता. इथे तिने फटीच्या कडा मुद्दाम घट्ट बांधल्यात. प्रत्येक वेळी. आणि पुस्तकात ही फट नाही.”

जड दिसतेय, मावशी म्हणाल्या होत्या.

डोरोथीचं स्वयंपाकघर

संध्याकाळी डोरोथीच्या घरी गेलो. तिथे साडेआठ म्हणजे नगरला सकाळचे सहा, मावशी प्रार्थनेला उठलेल्या असतात. बाहेर अजून उजेड होता. कॉलिंग कार्डाचा नंबर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. मी फोनचा स्पीकर चालू केला.

“मावशी, तुमच्या कडेत खाली एक रेघ नाही. ती चुकून राहिली का?”

“चुकून कशी राहील? तिथे गजच नव्हता.”

“कसला गज?”

“अगं, दवाखान्याच्या खिडकीचा. तुझे काका पुरुषांच्या वॉर्डात होते नाही का, मी बाहेर बाकावर असायचे. दुसरं काय बघणार, खिडकीची जाळी बघायची. तीच काढली पुढे. खालचा एक गज तुटलेला होता. भेटायची वेळ संपली की नर्स दार लावायची. मग मी भाकरीची गुंडाळी करून त्या फटीतून आत द्यायचे. तेवढीच जायची बघ. डबा जायचा नाही.”

काकूंनी पदर डोळ्यांना लावला होता. मी डोरोथीला इंग्रजीत सांगितलं. भाकरीला काय म्हणायचं ते सुचेना, तेव्हा हाताने गुंडाळी करून दाखवली.

“म्हणजे नमुना पुस्तकातला नाही, तिचाच आहे. आणि मी ती फट बुजवली,” डोरोथी म्हणाली.

“कोण बोलतंय गं?” मावशींनी विचारलं.

“मावशी, ही डोरोथी. हिनेच ती कड छापली.”

“तिला म्हणावं टाके छान आलेत. फक्त ती फट उघडी कर म्हणावं.”

मी सांगितलं. डोरोथी उठली, कपाटातून कोरा जाड कागद आणला, आणि त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमच्यासमोर नमुना नव्याने टोचायला बसली. फटीच्या जागी सुई उचलायची, पलीकडे ठेवायची. झाल्यावर मला पेन्सिल दिली. “स्पेलिंग तू लिही. माझं चुकेल.” कोपऱ्यात मी लिहिलं: काढला, मार्था साळवे, नगर. तिने खाली लिहिलं: टोचला, डोरोथी.

त्या कागदासाठी मी ‘चोरी’ असं तीनदा लिहून घेऊन गेले होते. उरलेली पत्रकं मी अनघाताईच्या रिसायकलिंगच्या डब्यात टाकली. काकू म्हणाल्या, “मागची बाजू कोरी आहे, किराण्याच्या यादीला ठेव.” ठेवली.

नगर

ऑगस्टमध्ये पोस्टाने पुस्तिका आली. पान तेच, रेघ काढलेली, खाली नाव आणि गाव. ‘पारंपरिक’ नाही. मावशींनी पुन्हा डोळ्यांना लावून बघितली, मग बोट फिरवत गेल्या आणि फटीपाशी थांबल्या.

“आता हलकी झाली,” म्हणाल्या.

मी ती पुस्तिका घेऊन आमच्या गावातल्या संस्थेत गेले. तिथल्या ताई चांगल्या आहेत. चहा दिला, अभिनंदन केलं, पुस्तिका सगळ्यांना दाखवली. टेबलावर नव्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, दोरा ओवून तयार. ‘पारंपरिक भारतीय हस्तकला’. मी विचारलं, यावर नाव का नाही? त्या म्हणाल्या, “गिऱ्हाईक कुठे विचारतं?”

गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही. अमेरिकेतल्या त्या बाईने चुकीची लाज वाटून कान लाल केले आणि एका संध्याकाळीत ती सुधारली. तुम्ही तर इथेच राहता. दिवाळीच्या आधी प्रत्येक गावात हस्तकलेची प्रदर्शनं लागतात. तुम्ही जाल, हात लावून बघाल, ‘किती नाजूक काम’ म्हणाल. तेव्हा चिठ्ठी उलटून बघा आणि टेबलामागच्या माणसाला विचारा, हे काढलं कुणी? ‘बायका करतात’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा, कोणती बाई? नाव सांगता येत नसेल तर वस्तू टेबलावर परत ठेवा आणि का ठेवली ते मोठ्याने सांगा. नाव सांगितलं, तर त्यांच्याच पेनने, त्यांच्याच चिठ्ठीवर, त्यांच्यासमोर ते लिहून घ्या. मगच घरी न्या.